पेटीवर सही कोणाची?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० चा नेहमीचा सांभाळ थांबविला. तेव्हापासून आमच्या अभ्यासिकेत येणाऱ्या पालकांचा प्रश्न ठरलेला. जुन्या बाजारात बुधवार-रविवार फेऱ्या मारून, नाहीतर तपकीर गल्लीत ओळख काढून मुलासाठी वापरलेला संगणक आणला. नवे विंडोज त्यावर बसत नाही. आता तो भंगारात घालायचा काय? आम्ही सांगतो, घालू नका. लिनक्स नावाची प्रणाली आहे, तिला पैसे पडत नाहीत, आणि ती त्या यंत्रावर बहुधा चालेल. अभ्यासिकेतली दोन यंत्रे आम्ही अशीच जिवंत ठेवली आहेत.

परंतु वाचकहो, लिनक्स कसे बसवावे हा आजच्या सदराचा विषय नव्हे. ते शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा तासाभरात करून देईल. आज आम्हांस सांगावयाचे आहे ते त्या लिनक्सच्या पोटात चालणाऱ्या एका कामाविषयी. हे काम आपल्या घरातली मुले-मुली करू शकतात, पण ते त्यांना कोणी सांगत नाही. शिवाय कामाचे नाव असे, की घरच्यांचा गोंधळ उडावा. अभ्यासिकेत येणारी एक मुलगी, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली, घरी म्हणाली, "आई, मी एक लायब्ररी पॅकेज करतेय." आईने विचारले, "कोणाची पुस्तकं? आणि पाठवायची कुठं?"

आईचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्या माउलीने नेमके हातच घातला. माल कोणाचा, आणि तो जाणार कोणाकोणाच्या घरी, हेच दोन प्रश्न या सगळ्या कामाच्या मुळाशी आहेत.

संगणकाच्या भाषेत लायब्ररी म्हणजे एकाने एकदा लिहून ठेवलेले आणि बाकीच्यांनी पुन्हा पुन्हा वापरायचे काम. तारखांचा हिशेब, मोठी फाइल दाबून लहान करणे, निरोप कुलूपबंद करून पाठविणे, अक्षरे जोडणे. प्रत्येक प्रोग्राम लिहिणाऱ्याने हे सारे नव्याने लिहायचे म्हटले तर जन्म जाईल. अक्षरांचेच पाहा. आपण ‘दऱ्या’ लिहितो आणि ‘आर्या’ही लिहितो. दोन्हीकडे र आणि य आहेत. पण एकीकडे र आडवा होऊन य ला बिलगतो, दुसरीकडे तोच रफार होऊन डोक्यावर बसतो. संगणकाला हे उपजत कळत नाही. हार्फबझ नावाची एक लायब्ररी आहे. ती आणि फाँट मिळून अक्षरे आपापल्या जागी बसवितात. फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस, अँड्रॉइडचा मोबाइल, हे सर्व तिच्याच जिवावर मराठी दाखवितात. तिचे नाव आपण कधी ऐकलेले नसते, इतकेच.

आता अशा लायब्रऱ्या घरोघरी पोचवायच्या कशा? लिनक्सचा गाभा फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिहिला. पण गाभा म्हणजे नुसते इंजिन. त्याच्याभोवती हजारो प्रोग्राम नि लायब्रऱ्या जमवून, त्यांचे एकमेकांशी पटवून, चालती गाडी लोकांच्या हाती देणारी मंडळी वेगळी असतात. त्यांच्या या गाडीला डिस्ट्रिब्युशन म्हणतात, आपण वितरण म्हणू. डेबियन हे असे एक जुने वितरण. इयन मर्डॉक याने ते १६ ऑगस्ट १९९३ रोजी जाहीर केले. तेव्हाची त्याची मैत्रीण डेब्रा आणि तो स्वतः इयन, यांची नावे जोडून डेबियन झाले. त्याची तेरावी आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ रोजी निघाली, तिच्यात ६९,८३० पॅकेजे आहेत. दुसरे वितरण फेडोरा, २००३ पासूनचे, रेड हॅट कंपनीच्या आधाराने चालणारे. आपल्या सरकारच्या सी-डॅकने २००७ मध्ये ‘बॉस’ नावाचे वितरण काढले, तेही डेबियनच्या पायावर उभे आहे.

वितरणाचे महत्त्व पुणेकरांना पाण्यावरून चटकन कळेल. पर्वतीच्या जलकेंद्रात पाणी शुद्ध झाले की ते सर्व नळांना तसेच येते. प्रत्येक घराने आपापली विहीर खणून आपापली तुरटी फिरवायची म्हटले तर एकाचे पाणी स्वच्छ, दुसऱ्याचे गढूळ, आणि साथ आली की कोणाच्या विहिरीतून आली याचा पत्ता नाही. वितरणात एक लायब्ररी एकाच जागी ठेवतात, आणि तिच्यावर शेकडो प्रोग्राम चालतात. तिच्यात भोक सापडले की एकदा बुजविले, सर्वांचे बुजले. अर्थात याची दुसरी बाजूही आहे. जलकेंद्रातच कोणी काही मिसळले तर ते सर्व नळांना जाते. त्याकडे आम्ही पुढे येऊ.

पुण्याचा या कामाशी जुना संबंध आहे, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे. रेड हॅटची मोठी कचेरी अनेक वर्षे मगरपट्ट्यात होती, आणि भारतीय भाषांचे पुष्कळसे काम तेथील मंडळींनी पाहिले. लोहित नावाचे फाँट तुमच्या पाहण्यात नक्की आले असतील. ते त्याच कंपनीने खुले केले आणि पुण्यातून सांभाळले गेले. मराठी ‘ल’ आणि ‘श’ हिंदीहून वेगळे काढले जातात, म्हणून तेव्हा लोहित मराठी वेगळा आणि लोहित हिंदी वेगळा होता. पुढे सारे लोहित देवनागरीत एकत्र आले. हे फाँट प्रथम जीपीएल या परवान्याखाली होते, सप्टेंबर २०११ मध्ये ते ओपन फाँट परवान्यावर आले. परवाना बदलला की पॅकेजचे कागद बदलावे लागतात. हे सर्व कोणीतरी बसून केले.

त्याच वर्षी, ४ ते ६ नोव्हेंबर २०११ या दिवसांत, शिवाजीनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात फेडोराचा मोठा मेळावा भरला. २६ ते २८ जून २०१५ ला दुसरा भरला, कोथरूडच्या एम.आय.टी.त. ही कामे स्वतः करणारी माणसे तेथे विद्यार्थ्यांबरोबर बसली होती. शिवाजीनगरच्या त्या कॉलेजातून ताडीवाला रोडला पायी जाता येते. ती बातमी मात्र पायी तेथवर आली नाही. यात आम्ही कोणाला दोष देत नाही. पण आपल्या वस्तीतल्या किती मुलांना ‘तू ये’ असे कोणी म्हटले असेल, हा प्रश्न मनात येतोच.

आता प्रत्यक्ष काम. आम्ही कॉमर्सचे पदवीधर, पेशाने कारकून. प्रोग्राम लिहिणे आम्हांस येत नाही. परंतु त्या मुलीच्या शेजारी बसून आम्ही हे काम सुरुवातीपासून पाहिले, आणि आम्हांस मोठा आनंद झाला. कारण हे काम निम्म्याहून अधिक कारकुनीचे आहे! कारकुनी शब्द लोक नाक मुरडून वापरतात. बिनचूक नोंद ठेवणे ही काय चीज आहे, ते ज्याचे पेन्शन एका चुकलेल्या जन्मतारखेवर अडले त्याला विचारावे.

डेबियनमध्ये नवी लायब्ररी आणावयाची तर पहिले पाऊल जाहीर नोटिशीचे. मी अमुक लायब्ररी पॅकेज करण्याचा इरादा ठेवतो, तिचा लेखक अमुक, परवाना अमुक, उपयोग अमुक. ही नोंद जगाला दिसते. दोघांनी एकच काम करीत बसू नये आणि कोणाची हरकत असल्यास ती आधी यावी, हा हेतू. मुलीने निवडलेली लायब्ररी अगदी लहान होती, पायथन भाषेतली. परदेशातल्या एका माणसाने ती लिहून खुली ठेवली होती. मुलीला ती कॉलेजच्या प्रकल्पासाठी लागली, आणि पाहते तो डेबियनमध्ये ती नाहीच. मग हिनेच ती आणायचे मनावर घेतले.

मूळ मालाला हात न लावता त्याच्यासोबत एक फोल्डर जोडायचा असतो. त्यात मुख्य कागद चार. पहिल्या कागदाला कंट्रोल म्हणतात. त्यात पॅकेजचे नाव, ते कोण सांभाळणार, ते चालण्यास आणखी कोणकोणती पॅकेजे लागतात, आणि चार ओळींत वर्णन. हे वर्णन लिहिताना मुले गडबडतात. जाहिरातीसारखे लिहितात, सर्वोत्तम, वेगवान, आधुनिक. तेथे असले चालत नाही. वस्तू काय करते ते सांगा, बस्स.

दुसरा कागद रूल्सचा, म्हणजे माल कसा घडवायचा त्याची कृती. अलीकडे त्यातले बरेच आपोआप होते.

तिसरा कागद चेंजलॉग. ही सरळ आपली रोजकीर्द! काय बदलले, का बदलले, कोणत्या तारखेला, आणि खाली करणाऱ्याचे नाव. मागची नोंद खोडायची नाही, नवी वर चढवायची. नोंदीच्या शेवटी तारीख आणि वेळ येते, आणि वेळेपुढे आकडा येतो +०५३०. हा आपल्या देशाच्या घड्याळाचा आकडा. पॅकेज ब्राझीलमध्ये उघडा की जपानमध्ये, ती नोंद तशीच दिसते, आणि त्यावर आपल्या मुलीचे नाव, आडनावासकट. पुण्यात आडनाव ऐकून समोरच्याच्या कपाळावर पडणारी आठी आम्ही नोकरीच्या पहिल्या वर्षापासून ओळखतो. ब्राझीलमधल्या तपासणाऱ्याला त्या आडनावातून काहीही कळत नाही. तो फक्त खालची नोंद वाचतो.

चौथा कागद कॉपीराइटचा. सर्वांत कंटाळवाणा, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा. लायब्ररीत जितक्या फाइली असतील त्या प्रत्येकीवर हक्क कोणाचा आणि परवाना कोणता, हे लिहावे लागते. लेखकाने वर एक परवाना सांगितलेला असतो, आणि आतल्या कोपऱ्यात दुसऱ्याच कोणाची फाइल, तिसऱ्याच अटीवर आणलेली. ती हुडकून काढायची. मुलीने पहिल्यांदा हे काम उरकून टाकले होते. आम्ही म्हटले, बाळ, ऑडिटर याच पानावर येणार. आणि तसेच झाले.

त्यानंतर माल घडवून पाहायचा, पण आपल्या यंत्रावर नव्हे. आपल्या यंत्रावर आधीच शंभर गोष्टी बसविलेल्या असतात, म्हणून सारे सुरळीत चालल्यासारखे वाटते. त्यासाठी संगणकातच एक रिकामी स्वच्छ खोली तयार करतात. कंट्रोलच्या कागदावर जे सामान लिहिले तेवढेच त्या खोलीत ठेवतात. परक्या घरी जाऊन, फक्त आपण दिलेल्या यादीतल्या सामानावर स्वयंपाक करण्यासारखे आहे हे. यादीत मीठ लिहायचे राहिले असेल तर तेथे लगेच कळते. मुलीचे मीठ दोनदा राहिले. शिवाय लिंटियन नावाचा एक तपासणी प्रोग्राम आहे, तो स्वल्पविरामापर्यंतच्या त्रुटी दाखवितो.

सी भाषेतली लायब्ररी असेल तर आणखी एक पेच असतो. तिची दोन पॅकेजे करावी लागतात, एक चालविण्यासाठी लागणारे आणि एक तिच्यावर नवे प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी. तिच्या नावात एक आकडा असतो. लेखकाने आतली रचना अशी बदलली की जुने प्रोग्राम मोडतील, तर तो आकडा वाढतो, आणि तिच्यावर अवलंबून असलेली सर्व पॅकेजे पुन्हा घडवावी लागतात. कधी पाच, कधी पाचशे. म्हणून लायब्ररी सांभाळणाऱ्याला शेजारधर्म पाळावाच लागतो. बदल करण्याआधी इतरांना सांगावे लागते.

एवढे सर्व झाले तरी नवख्याला आपला माल स्वतः आत टाकता येत नाही. डेबियनच्या जुन्या सदस्याने तो तपासून आपल्या सहीने आत घालावयाचा. त्याला प्रायोजक म्हणतात. फेडोरातही पहिल्या पॅकेजला असाच प्रायोजक लागतो. हे ऐकून आमचे कान टवकारले. शिफारशीवाचून दार उघडत नाही, हा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. ‘ओळख आहे का?’ हा प्रश्न ऐकतच आपली पिढी म्हातारी होत आली. तेव्हा आम्ही बारकाईने पाहिले. फरक असा, की येथे तपासणीची यादी आधीच छापलेली असते आणि ती सर्वांना सारखी. प्रायोजकाने काय म्हटले ते लेखी असते, उघड्यावर असते. एकाला वेळ नसला तर दुसऱ्याला विचारता येते. तरीही प्रायोजक मिळण्यास महिनेच्या महिने लागू शकतात, हेही खरे, आणि ज्याची मित्रमंडळी आधीच आत आहेत त्याला तो लवकर मिळतो, हेही खरे. माणसे तेथेही माणसेच आहेत.

मुलीला प्रायोजक मिळाला. त्याने सहा त्रुटी काढल्या. एक कॉपीराइटची, दोन वर्णनाच्या, बाकी कृतीच्या. मुलगी दोन दिवस अभ्यासिकेकडे फिरकली नाही. आई म्हणाली, "नापास केलं वाटतं तिला." आम्ही घरी जाऊन तो कागद वाचून दाखविला. आम्ही कचेरीत आयुष्य काढले आहे. परत आलेले अर्ज आम्ही शेकड्यांनी पाहिले, त्यांवर शेरा एकच असे, ‘अपूर्ण’. काय अपूर्ण, कोणी सांगत नसे, आणि माणूस पुन्हा एका दिवसाची मजुरी बुडवून रांगेत उभा राही. येथे परक्या देशातल्या, हिला कधी न पाहिलेल्या माणसाने आपला वेळ मोडून सहा ओळी लिहिल्या होत्या. चूक कोठे, ती का चूक, आणि दुरुस्त कशी होईल. याला नापास करणे म्हणत नाहीत, असे आम्ही त्या माउलीला सांगितले. तिला किती पटले कोण जाणे, पण मुलगी तिसऱ्या दिवशी आली.

प्रायोजकानंतर आणखी एक दार आहे. अगदी नव्या पॅकेजांची एक वेगळी रांग असते, आणि तेथे बसलेली मंडळी प्रामुख्याने परवान्याचे कागद पाहतात. पुष्कळदा माल परत येतो तो येथून. कोणता परवाना चालेल याची कसोटी डेबियनने १९९७ मध्ये आपल्या सामाजिक करारासोबत लिहून ठेवली. त्यातले एक कलम असे, की परवान्याने कोणत्याही व्यक्तीशी वा समूहाशी भेदभाव करता कामा नये. आणि त्याच्या पुढचे कलम असे, की कोणत्या कामासाठी वापरायचे यावरही बंदी नको. पहिले कलम वाचून आम्हांस काय वाटले ते या साप्ताहिकाच्या वाचकांस सांगावयास नको. दुसऱ्या कलमाशी मात्र आम्ही बराच वेळ अडलो. वाईट कामासाठी वापरण्यास बंदी घातली तर बिघडले कोठे?

याचे एक खरे उदाहरण आहे. डग्लस क्रॉकफर्ड या अमेरिकन गृहस्थाने माहितीची देवघेव करण्याची जेसॉन नावाची पद्धत रूढ केली. तिच्यासाठी लिहिलेल्या लायब्ररीच्या परवान्यात त्याने एक ओळ घातली, की हे साधन चांगल्यासाठी वापरावे, वाईटासाठी नको. ऐकायला किती गोड! पण डेबियन आणि फेडोरा दोघांनीही ही अट असलेला माल नाकारला. २०१३ च्या सुमारास पीएचपी भाषेतला असा भाग काढून त्याजागी दुसऱ्याने नव्याने लिहिलेला भाग घालण्यात आला. क्रॉकफर्ड स्वतः एक गंमत सांगत असे, की आयबीएम कंपनीच्या वकिलांनी त्याच्याकडे वाईट कामासाठी वापरण्याची खास परवानगी मागितली आणि त्याने ती दिली! गंमत राहू द्या. आम्ही विचार केला, चांगले काय आणि वाईट काय हे ठरविणार कोण? तळ्याचे पाणी कोणी प्यावे हेही एके काळी ‘चांगल्या’ माणसांनीच ठरविले होते. मग ते दुसरे कलमही आम्हांस पटले.

आता जलकेंद्रात विष मिसळण्याची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय या कामाची जोखीम कळणार नाही.

एक प्रकार निष्काळजीपणाचा म्हणावा तर तसाही नाही, हेतू चांगलाच होता. २००६ मध्ये डेबियनच्या एका पॅकेज सांभाळणाऱ्याने ओपनएसएसएल या कुलुपांच्या लायब्ररीतला थोडा मजकूर काढला, कारण तपासणीचा एक प्रोग्राम त्यावर तक्रार करीत होता. त्याने मूळ मंडळींना विचारलेही होते. पण त्या काढलेल्या मजकुरामुळे किल्ल्या घडविण्यातला अनिश्चितपणाच निघून गेला. एका प्रकारच्या यंत्रावर, एका मापाच्या, अगणित वेगवेगळ्या किल्ल्या होऊ शकत होत्या; त्या उरल्या सुमारे बत्तीस हजार. चोराने एकेक लावून पाहिली तरी कुलूप उघडावे. हे मे २००८ मध्ये उघडकीस आले आणि जगभर लोकांना किल्ल्या नव्याने कराव्या लागल्या. मूळ मालाला हात लावताना पॅकेज करणाऱ्याचा हात का थरथरावा, ते यावरून समजते.

दुसरा प्रकार सरळ दगलबाजीचा. एक्सझेड नावाची फाइली दाबून लहान करणारी लायब्ररी आहे. लासे कोलिन नावाचा फिनलंडमधला एक माणूस ती वर्षानुवर्षे बिनपगारी सांभाळीत होता. आपली मनःस्थिती ठीक नाही, आणि हे काम विनामोबदला आहे, असे त्याने २०२२ मध्ये उघडपणे लिहिले होते. त्याला मदत करण्यास ‘जिया तान’ या नावाने कोणी पुढे आले. दोन-अडीच वर्षे चांगले काम केले, विश्वास मिळविला. दुसऱ्या नावांनी काही जण कोलिनच्या मागे टुमणे लावीत होते, की तुला झेपत नाही, दुसऱ्याच्या हाती दे. अखेर कारभार ‘जिया तान’च्या हाती आला. फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये निघालेल्या दोन आवृत्त्यांत चोरदरवाजा होता. दूरच्या यंत्रात शिरण्यासाठी जो एसएसएच नावाचा प्रोग्राम वापरतात, त्यालाच तो फितूर करीत असे. हा माल डेबियनच्या चाचणीच्या शाखांत आणि फेडोराच्या येऊ घातलेल्या आवृत्तीत पोचला होता. सर्वसाधारण लोकांच्या स्थिर आवृत्तीत जाण्याआधी तो पकडला गेला. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला आत शिरताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवले, त्याने तो धागा धरून ओढला, आणि २९ मार्च २०२४ रोजी सारे जगापुढे मांडले. ‘जिया तान’ कोण, हे जगाला आजही कळलेले नाही.

यातली एक बाब आम्हां कारकुनांच्या डोळ्यांत भरते. जो उघडा दप्तरखाना सर्वांना दिसतो त्यात ती कृती संपूर्ण नव्हती. चोरदरवाजा जागा करणारा तुकडा फक्त बांधून दिलेल्या गाठोड्यात होता. म्हणजे मूळ प्रत आणि दिलेली नक्कल यांत फरक. ‘मूळ प्रतीबरहुकूम’ असा शिक्का मारण्यापूर्वी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहावेत, हे आम्हांस पहिल्या नोकरीत हेडक्लार्कने शिकविले होते. त्या मुलीने आपल्या लायब्ररीचे गाठोडे सोडून उघड्या दप्तराशी ओळ न ओळ ताडून पाहिले. तासभर लागला, काही सापडले नाही. सापडले नाही हेच बरे.

ज्या कोलिनची ही कथा, त्याच्या बिनपगारी कष्टांवर केवढ्या कंपन्या उभ्या होत्या, याचा विचार व्हावा. २०१९ मध्ये आयबीएमने रेड हॅट विकत घेतली ती ३४ अब्ज डॉलरला. स्वयंसेवकांनी बांधलेल्या पेट्याही त्या इमारतीच्या पायात आहेतच. तेव्हा ‘सेवा’, ‘समर्पण’ असे शब्द कोणी आपल्या मुलांपुढे टाकले तर मुलांनी हिशेब विचारावा. आम्ही हे काम करा म्हणतो ते फुकट राबा म्हणून नव्हे. शिकताना जे उघड्यावर केले ते उद्या मुलाखतीत दाखविता येते, कोणाच्या प्रमाणपत्रावाचून, म्हणून म्हणतो. नोकरी मिळेलच असे वचन आम्ही देत नाही. काही वाटा पैशाच्याही आहेत. आउटरीची नावाची योजना, आपापल्या देशात भेदभावामुळे या क्षेत्रात मागे राहिलेल्यांसाठी आहे. तिच्यात गेली काही वर्षे तीन महिन्यांच्या कामाचे ७,००० डॉलर दिले गेले, आणि डेबियन व फेडोरा दोघांनीही तिच्यात वेळोवेळी जागा दिल्या. अर्जात आपल्याला काय सोसावे लागले ते लिहावयाचे असते. आपल्या मुलांना तेथे मजकुराची टंचाई पडणार नाही! योजना निधीवर चालते, तेव्हा चालू फेरी आहे किंवा नाही हे आधी पाहून घ्यावे. गूगलची उन्हाळी योजना २००५ पासून आहे, तीही पाहावी.

पालकांनी काय करावे? संगणक नवा घेण्याची गरज नाही. चार जीबी मेमरीचे जुने यंत्र शिकण्यास पुरते, आठ असल्यास उत्तम. मात्र डेबियन १३ जुन्या ३२-बिटी यंत्रांवर आता नव्याने बसत नाही, घेताना ६४-बिटी आहे ना हे विचारावे. मुलाला पहिल्याच दिवशी नवे पॅकेज करावयास लावू नये. ज्या पॅकेजांना सांभाळणारा उरला नाही अशांची यादी डेबियन उघड ठेवते, त्यांतली लहानशी त्रुटी दुरुस्त करण्यापासून सुरुवात करावी. सर्व पत्रव्यवहार इंग्रजीत असतो, पण तो साहित्यिक इंग्रजीत नसतो. चार शब्दांची वाक्ये चालतात, आणि तिकडच्या निम्म्या लोकांची ती मातृभाषा नसतेच. डेबियनचे पूर्ण सदस्यत्व घ्यायचे झाल्यास बहुधा आधीच्या सदस्यांनी समोरासमोर ओळखपत्र पाहून किल्लीवर सही करावी लागते. त्यासाठी मेळावे उपयोगी पडतात. डेबियनचा जागतिक मेळावा भारतात प्रथम कोचीला भरला, सप्टेंबर २०२३ मध्ये. पुण्यात असे काही जुळून आले तर या सदरातून वेळेवर कळवू.

मुलीचे पॅकेज सध्या त्या नव्यांच्या रांगेत आहे. सात आठवडे झाले. आई रोज विचारते. रांगेत पुढे किती जण आहेत ते पडद्यावर पाहता येते, हे मात्र तिला फार आवडले. ती म्हणाली, "रेशनच्या दुकानात असं लावायला सांगा की."